तक्त्यात वरचा वाण तो खरोखर सरस का?



गाळप हंगाम संपत आला की गट कार्यालयात एकच प्रश्न वारंवार ऐकू येतो, "साहेब, यंदा सगळ्यात वर कोणतं बेणं आलं?" प्रश्न सरळ आहे आणि आजवर आम्ही त्याचे उत्तरही सरळच देत आलो. प्रात्यक्षिक प्लॉटचा तक्ता काढायचा, एकरी टनांचा रकाना बघायचा, त्यातला सर्वांत मोठा आकडा शोधायचा आणि समोरच्या वाणाचे नाव सांगून मोकळे व्हायचे. काही वर्षांपूर्वी आम्ही याच पत्रिकेत असा एक तक्ता छापला आणि पहिल्या वाणापुढे 'सर्वोत्कृष्ट' हा शब्द आमच्या पदरचा घातला. पुढच्या लागणीला त्या बेण्यासाठी रांग लागली. कित्येकांनी लांबून गाडीभाडे भरून बेणे आणले. दोन हंगामांनंतर काट्यावरच्या पावत्या लावून पाहिल्या, तर तो वाण आपल्या जुन्या वाणाच्या बरोबरीने चालला होता. ना फार पुढे, ना फार मागे.

वाणाचा त्यात दोष नव्हता. वाचण्यात चूक झाली ती आमची. मूळ तक्त्याच्या तळाला बारीक अक्षरांत क्रांतिक फरकाची एक ओळ होती. कागदावर जागा पुरेना म्हणून ती आम्ही गाळली होती. त्या ओळीचा अर्थ काय, आणि ती ओळ असूनही माणूस कसा फसू शकतो, हे या लेखात सांगायचे आहे. थोडी आकडेमोड आहे, पण ती आपल्या कुटुंबातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींकडून तपासून घेता येईल अशीच आहे.

बेण्याची चूक महाग पडते हे सभासदांना आम्ही काय सांगावे! सोयाबीनचे बियाणे चुकले तर एक हंगाम जातो. ऊस एकदा लावला की लागण आणि त्यामागून एक-दोन खोडवे, म्हणजे तीन वर्षे वावर त्यात गुंतून पडते. एकरी दोन डोळ्यांची दहा हजार टिपरी लागतात. त्यांचा खर्च, बेणेप्रक्रिया, मजुरी हे सगळे पहिल्याच महिन्यात जमिनीत जाते.

एका वावरातले दोन ऊस

आपल्या जिल्ह्यातली जमीन कशी आहे ते आठवा. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, मेहकर या बाजूला एकाच धुऱ्याच्या आत वरच्या अंगाला मुरमाड हलकी जमीन आणि नाल्याकडे उतरत गेले की कमरेइतकी काळी. खाली पूर्णेच्या काठी शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे खारपाण पट्टा. तिथे विहिरीचे पाणीच खारे. एका सभासदाने आम्हाला एकदा सुनावले होते, "काहून हो साहेब, आमच्या एकाच वावरात तं वरचा ऊस गुडघ्याएवढा अन् खालचा डोक्याच्या वर जाते, मग तुमच्या दोन प्लॉटमधला फरक वाणाचा हाये का जमिनीचा, हे तुम्हाले कोण सांगते?"

या प्रश्नावर संशोधकांची पिढीच्या पिढी खपली आहे. त्यांनी आधी एक साधी गोष्ट करून पाहिली. सगळ्या शेतात एकच वाण लावायचा, खत-पाणी एकसारखे द्यायचे, आणि तोडणीच्या वेळी मात्र शेताचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा तोलायचा. याला एकसमानता चाचणी म्हणतात. अशा चाचणीत दोन तुकड्यांचे वजन कधीही सारखे येत नाही. सगळीकडे एकच वाण, एकच मालक, एकच पाणी, तरी टनांचा फरक पडतो. जमिनीचा पोत, पाटापासूनचे अंतर, हुमणी, उंदीर, रानडुक्कर, मोजणाऱ्याचा हात, सगळ्यांचा मिळून हा हेलकावा होतो. शास्त्रात त्याला प्रयोगाची त्रुटी म्हणतात. त्रुटी म्हणजे कोणाची चूक असे समजू नये. शेत म्हटले की ती असायचीच.

इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे जुने शेतीसंशोधन केंद्र आहे. रोनाल्ड फिशर हे गणिती तिथे १९१९ साली रुजू झाले आणि त्यांनी या हेलकाव्याला मोजायचे कसे ते शिकवले. शेताचे सारख्या जमिनीचे गट पाडा, प्रत्येक गटात प्रत्येक वाण एकदा लावा, गटात कोणता वाण कुठे जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि असे तीन-चार गट घ्या. मग गटागटांतला फरक वेगळा काढता येतो, वाणांचा फरक वेगळा काढता येतो, आणि उरतो तो निव्वळ हेलकावा. आपल्याकडे ही विद्या शेतीखात्याच्या माणसांपर्यंत पोचवण्यात दोन मराठी नावे मोठी आहेत, वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून लंडनला गेले, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. या दोघांनी शेतीच्या कार्यकर्त्यांसाठी लिहिलेले सांख्यिकी पद्धतींचे पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ साली काढले. आजही कृषी महाविद्यालयाच्या कुठल्याही ग्रंथालयात त्याची पाने चुरगळलेली प्रत सापडते, आणि पुस्तक वापरले गेल्याची याहून चांगली खूण नाही.

क्रांतिक फरक म्हणजे काय

आता उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते सोपे धरले आहेत आणि वाणांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण हा लेख वाचून कोणी बेणे मागायला येऊ नये!

सहा वाण, चार गट, म्हणजे चोवीस प्लॉट. त्यात 'अ' हा आपला रोजचा जुना वाण, बाकीचे पाच नवे. एकरी टनांची सरासरी अशी आली असे धरा: फ ४८, इ ४४, ड ४३, क ४१, अ ३९, ब ३६.

गटांचा आणि वाणांचा फरक वजा केल्यावर एका प्लॉटचा हेलकावा ४ टन निघाला. चार प्लॉटची सरासरी घेतली की हेलकावा निम्म्यावर येतो, कारण चाराचे वर्गमूळ दोन. म्हणजे प्रत्येक सरासरीमागे २ टनांचा हेलकावा. दोन सरासऱ्यांची वजाबाकी करायची तर दोन्हींचे हेलकावे त्यात येतात, म्हणून २ ला १.४१ ने गुणायचे, आले २.८३ टन. या आकड्याला तक्त्यातून पाहून २.१३ ने गुणायचे. आले ६.०३ टन. हाच क्रांतिक फरक, अहवालात 'सी.डी.' म्हणून छापतात तो.

तो २.१३ आकडा कुठून आला असे कोणी विचारील. डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात गॉसेट नावाचे रसायनतज्ज्ञ होते. थोड्याशा नमुन्यांवरून किती विश्वास ठेवावा याचा हिशेब त्यांनी १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केला. त्या कोष्टकातला हा आकडा आहे. बार्लीच्या कारखान्यातून निघालेले कोष्टक आज उसाच्या कारखान्याला उपयोगी पडते आहे.

क्रांतिक फरकाचा अर्थ असा, की मुळात अगदी सारखे असलेले दोन वाण असे शंभर वेळा तपासले तर नुसत्या हेलकाव्याने ६.०३ टनांपेक्षा जास्त अंतर साधारण पाच वेळाच पडेल. म्हणून यापेक्षा मोठे अंतर दिसले की 'फरक सार्थ आहे' म्हणायचे, लहान दिसले तर गप्प बसायचे. आपल्या उदाहरणात फ आणि इ यांच्यात चार टनांचे अंतर आहे. वाचताना चार टन म्हणजे केवढे वाटतात! पण या प्रयोगाच्या फूटपट्टीवर ते मोजताच येत नाहीत. आमच्या त्या जुन्या तक्त्यात नेमके हेच घडले होते. पहिल्या आणि तिसऱ्या वाणात जे अंतर होते ते क्रांतिक फरकाच्या निम्मेही नव्हते, आणि आम्ही 'सर्वोत्कृष्ट' लिहून बसलो.

पण फूटपट्टीही आखूड पडते

इथवरचे बऱ्याच सभासदांना शेतीशाळेत किंवा विद्यापीठाच्या शिवारफेरीत कोणी ना कोणी सांगितले असेल. आता पुढचे जरा सावकाश वाचावे.

समजा, तुम्ही एकच वाण सहा पिशव्यांत भरला, पिशव्यांवर सहा निरनिराळी नावे लिहिली आणि प्रयोगात लावला. वाण एकच आहे, तरी तोडणीनंतर त्यातले एक नाव सर्वांत वर येणारच आणि एक सर्वांत खाली जाणारच. दोघांत अंतर किती पडेल? आपल्या उदाहरणातला २ टनांचा हेलकावा धरला तर सरासरी ५ टनांचे. पिशव्या बारा केल्या तर हेच अंतर सरासरी साडेसहा टनांवर जाते, आणि वीस केल्या तर साडेसात टनांवर. म्हणजे बारा नावांच्या प्रयोगात सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा एवढेच निवडून वजाबाकी केली, तर एकाच वाणाच्या दोन पिशव्यांत 'सार्थ फरक' सापडायला सहा टनांची फूटपट्टी पुरेशी आखूड आहे.

असे का होते? सहा टनांची पट्टी आधीपासून ठरवलेल्या एका जोडीसाठी आखलेली आहे. सहा वाणांत जोड्या पंधरा होतात, बारांत सहासष्ट, विसांत एकशे नव्वद. प्रत्येक जोडीत शेकडा पाच फसण्याची शक्यता ठेवली आणि पंधराही जोड्या तपासल्या, तर सगळे वाण सारखे असतानाही तीन प्रयोगांमागे जवळपास एका प्रयोगात कुठेतरी खोटा फरक हाती लागतो. त्यात आपण पंधरा जोड्या इमानदारीने तपासतही नाही. निकाल पाहून मग सर्वांत लांबची जोडी उचलतो. फिशर यांनी १९३५ सालच्या आपल्या पुस्तकात या मोहाबद्दल सावध केले होतेच. त्यांचा नियम असा की आधी सगळ्या वाणांची मिळून एक चाचणी करा, ती सार्थ निघाली तरच क्रांतिक फरकाला हात लावा. आपल्या उदाहरणात या एकत्रित चाचणीचा आकडा ४.३४ येतो आणि सार्थ ठरण्यासाठी तो २.९० च्या वर लागतो. म्हणजे सहाही वाण सारखे नाहीत एवढे पक्के. पण कोणता कोणापेक्षा सरस, हे ती चाचणी सांगत नाही.

१९५० च्या सुमारास चार-पाच जणांनी या आखूड पट्टीवर उपाय शोधले. अमेरिकेतले जॉन ट्यूकी यांनी सरळ प्रश्न विचारला, की सगळे वाण सारखे असताना वरच्या-खालच्यात नुसत्या हेलकाव्याने किती अंतर पडू शकते, तेच मोजू आणि तीच पट्टी सगळ्या जोड्यांना लावू. वरच्या पिशव्यांच्या गोष्टीचा हा नेमका उतारा आहे. त्यांचे १९५३ सालचे हस्तलिखित कितीतरी वर्षे नुसत्या प्रती काढून हातोहात फिरत होते, छापील स्वरूपात ते १९९४ साली आले. ट्यूकींच्या कोष्टकात आपल्या उदाहरणासाठी ४.५९ हा आकडा आहे. त्याने २ टनांना गुणले की पट्टी होते ९.१८ टन. सहा टनांची पट्टी एकदम सव्वानऊवर गेली!

डंकन यांनी १९५५ साली जरा मवाळ मार्ग काढला. क्रमाने शेजारी असलेल्या दोन वाणांना लहान पट्टी, लांब असलेल्यांना मोठी. आपल्या उदाहरणात ती ६.०२ पासून ६.७२ टनांपर्यंत जाते. कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांत वाणापुढे जी लहान अक्षरे दिसतात, समान अक्षर म्हणजे फरक नाही अशी, ती बहुधा डंकन यांच्याच रीतीने दिलेली असतात. पद्धत लोकप्रिय आहे, पण वाण वाढत गेले तसे तिचे संरक्षण विरळ होत जाते. वीस-पंचवीस वाणांच्या तक्त्यात नुसती डंकनची अक्षरे दिसली तर आम्ही दोनदा विचार करतो.

आणि त्याच वर्षी चार्ल्स डनेट यांनी एक वेगळाच प्रश्न हाताळला. ते औषध कंपनीत काम करत. त्यांना सगळी औषधे एकमेकांशी ताडून पाहायचीच नव्हती. नेहमीच्या उपचारापेक्षा नवीन कोणते सरस एवढेच त्यांना हवे होते. अशा वेळी सहा उपचारांत जोड्या पंधरा नसतात, फक्त पाच असतात. पट्टी तितकीच कमी लांबवावी लागते. आपल्या उदाहरणासाठी २.८३ गुणिले २.८२, म्हणजे ७.९८ टन.

आता निकाल लावून पाहू. साध्या क्रांतिक फरकाने फ हा ब, अ आणि क या तिघांपेक्षा सरस ठरतो, शिवाय इ आणि ड हे दोघे ब पेक्षा सरस ठरतात. पंधरापैकी पाच जोड्या सार्थ. डंकनच्या पट्टीनेही याच पाच. ट्यूकींच्या पट्टीने उरते फक्त एक जोडी, फ आणि ब, कारण त्यांच्यात बारा टनांचे अंतर आहे. फ आणि आपला जुना अ यांच्यात नऊ टन आहेत, ते ९.१८ ला थोडक्यात चुकतात. पण डनेटच्या पट्टीने फ हा अ पेक्षा सरस ठरतो, कारण नऊ हे ७.९८ पेक्षा जास्त.

एकच शेत, एकच तोडणी, तेच आकडे, आणि उत्तरे तीन. सभासदांना वाटेल ही शास्त्राची गंमतच झाली, ज्याला जे हवे ते त्याने काढावे. तसे नाही. प्रत्येक पट्टी वेगळ्या प्रश्नासाठी आहे, आणि प्रश्न तोडणीच्या आधी कागदावर लिहिलेला असला पाहिजे. 'जुन्या वाणापेक्षा नवीन कोणता चांगला' हा प्रश्न लागणीच्याच दिवशी ठरला असेल तर डनेट लावणे रास्त आहे आणि फ ची शिफारस रास्त आहे. 'या सहांत कोण कोणापेक्षा सरस' हे शोधायला निघालात तर ट्यूकींची लांब पट्टी सोसावी लागेल. निकाल हाती आल्यावर जी पट्टी आपल्या आवडत्या वाणाला वर काढते ती निवडणे, ही मात्र फसवणूक होय, मग ती करणारा साहेब असो की विक्रेता.

आपल्या कारखान्याच्या कामाचा बहुतेक प्रश्न डनेटच्या जातीचा असतो. अखिल भारतीय समन्वित ऊस संशोधन प्रकल्पाच्या चाचण्यांतसुद्धा नव्या वाणांबरोबर एखादा प्रस्थापित वाण तुलनेसाठी लावतात. दक्षिणेकडच्या विभागात, ज्यात महाराष्ट्र येतो, को ८६०३२ हा वाण त्या जागी राहिलेला आहे. १९९६ साली 'नीरा' म्हणून आपल्या राज्यात प्रसारित झालेला हाच तो. १९३२ साली सुरू झालेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने फुले २६५ हा वाण २००७ साली दिला, त्यालाही असेच जुन्याच्या शेजारी उभे राहून स्वतःला सिद्ध करावे लागले. वाण एका वर्षात एका ठिकाणी पहिला आला म्हणून शिफारस होत नाही. दोन लागणी आणि एक खोडवा, तेही अनेक ठिकाणी, एवढे झाल्यावरच गोष्ट पुढे सरकते. हा उशीर सभासदांना खटकतो हे आम्हाला ठाऊक आहे. पण हेलकावा मोडायला पुनरावृत्तीशिवाय दुसरे औषध नाही.

सार्थ नाही म्हणजे सारखे नव्हे

इथे एक उलटी चूकही होते आणि ती आमच्याच शेतकी खात्याकडून होताना आम्ही पाहिली आहे. 'फरक सार्थ नाही' असे वाचले की लगेच 'दोन्ही वाण सारखेच' असे सांगून मोकळे होतात. आपल्या उदाहरणात इ हा अ पेक्षा पाच टनांनी वर आहे. तो कोणत्याच पट्टीने सार्थ नाही. पण म्हणून इ आणि अ सारखे आहेत हे सिद्ध झालेले नाही. एवढेच झाले की चार गटांच्या या प्रयोगात पाच टनांचा फरक पकडण्याइतकी ताकद नव्हती. दोनच गट घेऊन, निष्काळजीपणे तोलून, कोणताही फरक असार्थ करून दाखवता येतो! म्हणून क्रांतिक फरक स्वतःच फार मोठा दिसला, सरासरीच्या चौथाई-तिहाई एवढा, तर त्या प्रयोगातून 'फरक नाही' असे ऐकायचे नाही, 'प्रयोग अपुरा' असे ऐकायचे.

आणि सार्थ म्हणजे फायद्याचा असेही नाही. टनेज वाढले आणि साखर उतारा खाली गेला तर कारखान्याच्या आणि पर्यायाने आपल्याच दराच्या गणितात ते उतरते. टनांचा तक्ता आणि उताऱ्याचा तक्ता, दोन्हींच्या तळाच्या ओळी शेजारी ठेवून वाचाव्या.

खतांच्या मात्रेबद्दल एक शब्द. नत्राच्या पाच मात्रा लावल्या आणि त्यांच्या जोड्या जोड्या ताडल्या, तर वर सांगितलेल्या कोणत्याच पट्टीचा तिथे फारसा उपयोग नाही. शंभर किलो आणि सव्वाशे किलो ही दोन वेगळी नावे नसतात, एकाच वाटेवरचे दोन टप्पे असतात. तिथे रेषा काढून वाट कुठे वळते ते बघायचे. तरीही कित्येक छापील अहवालांत मात्रांपुढे अक्षरे लावलेली दिसतात. असो.

विक्रेत्यांच्या रंगीत पत्रकांविषयी मात्र सांगणे भाग आहे. मागे एका कंपनीचे पत्रक आमच्याकडे आले, त्यात त्यांच्या द्रव खताने ऊस एकरी इतक्या टनांनी वाढला असे मोठ्या अक्षरांत होते. आम्ही उलट पत्र घालून तीन गोष्टी विचारल्या: किती पुनरावृत्त्या होत्या, क्रांतिक फरक किती, आणि एकूण किती उत्पादने व किती ठिकाणे तपासली त्यांतून हे एक निवडले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आली. तिसऱ्याचे आले नाही. वीस ठिकाणी तपासून एका ठिकाणचे छापले असेल, तर ते एकटे अंतर कितीही मोठे असो, वर सांगितलेली पिशव्यांची गोष्ट आठवावी.

स्वतःच्या वावरात पाहायचे तर

ज्यांना नवा वाण घरच्या घरी पारखायचा आहे त्यांनी अर्धे वावर एक आणि अर्धे दुसरा असे करू नये. मुरमाड अर्धे एकाच्या वाट्याला आणि काळे अर्धे दुसऱ्याच्या वाट्याला जाते. उताराला आडवे चार गट पाडावे, म्हणजे प्रत्येक गटाला एकाच जातीची जमीन येईल. प्रत्येक गटात दोन्ही वाणांची प्रत्येकी एक पट्टी, सहा सऱ्यांची, आणि कोणती डावीकडे ते नाणे उडवून ठरवावे. हसू नये, नाणे उडवणेच महत्त्वाचे आहे. आपण ठरवायला गेलो की नवे बेणे नकळत चांगल्या जागी जाते. तोडताना कडेच्या सऱ्या सोडून मधल्या चार सऱ्या तोलाव्या, कारण कडेच्या उसाला ऊन आणि जागा जास्त मिळते. आणि दोन्ही वाणांची तोड एकाच दिवशी करावी.

चार गटांत नवा वाण जुन्यापेक्षा एकरी ३, ५ आणि ५ टनांनी वर आणि एका गटात १ टनाने खाली आला असे धरा. सरासरी ३ टनांनी वर. चारांपैकी तीन गटांत जिंकला, तर गावात पेढे वाटायला हरकत नाही असे वाटेल. हिशेब करून पाहिला तर या चार आकड्यांसाठी क्रांतिक फरक साडेचार टनांचा निघतो. तीन टन त्यात बसत नाहीत. म्हणून वाण टाकून द्यायचा नाही, आणि सगळे वावरही त्यावर लावायचे नाही. पुढच्या हंगामात पुन्हा चार गट लावायचे, आणि त्या वावराचे खोडवेही तोलायचे. दोनच वाण असल्याने इथे साधी पट्टी चालते, ट्यूकी-डनेटची गरज नाही. शेजारच्या पाच सभासदांनी हेच दोन वाण अशाच पद्धतीने लावले तर प्रत्येकाच्या चार गटांपेक्षा सगळ्यांचे मिळून वीस गट कितीतरी जास्त बोलतात.

ज्यांना असे करायचे आहे त्यांनी लागणीच्या आधी गट कार्यालयात नाव द्यावे. पट्ट्या आखायला शेतकी खात्याचा माणूस येईल. तोडणीच्या वेळी ट्रॉली पट्टीवार वेगळी भरावी आणि चिटबॉयला आदल्या दिवशी सांगून ठेवावे, म्हणजे काट्यावर पावती वेगळी निघेल. चार गटांच्या आठ पावत्या सांभाळून आणल्या की हिशेब आम्ही करून देऊ, आणि कसा केला तेही दाखवू.

आमच्या प्रात्यक्षिक प्लॉटचा यंदाचा तक्ता पुढच्या अंकात येईल. त्यात वाण किती, गट किती, तुलनेचा वाण कोणता हे वर दिलेले असेल आणि क्रांतिक फरकाची ओळ तळाला असेल. जागा कमी पडली तर आमचा फोटो गाळू.